चार अंशांची धावपटू

आहारतज्ज्ञबाईंचा माणसांवर विश्वास नव्हता, आकड्यांवर होता. खेळाडू जेवणाबद्दल सर्रास थापा मारतात, मनगटावरचा पट्टा मारत नाही, असं त्या येता-जाता सांगायच्या. त्यामुळे संघातल्या प्रत्येकीची नाडी, झोप, पावलं आणि त्वचेचं तापमान बाईंच्या मोबाइलवर हजर असायचं. प्रत्यक्ष मुलींना त्या क्वचितच भेटत.

सोमवारी लांब पल्ल्याच्या धावपटूचे आकडे बिघडले. नाडी बेचाळीस, पावलं शून्य, झोप तेवीस तास. बाईंनी लगेच मेसेज पाठवला, "जेवण वाढव." उत्तर आलं, "हो मॅडम." मंगळवारी तापमान अकरा अंशांवर उतरलं. बाईंनी गरम सूप सुचवलं. बुधवारी दुपारी चार अंश झाले. नाडी मात्र बेचाळीसच.

"कशी आहेस?" बाईंनी विचारलं.

"छान मॅडम. आत्ताच जेवले."

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. चार अंशांचं माणूस जेवत नाही. निदान जेवल्याचं कळवत तरी नाही. तेवढ्यात प्रशिक्षकांचा फोन आला.

"बाई, पोरीच्या तब्येतीच्या कागदावर पाचपर्यंत सही हवी. नाहीतर स्पर्धेच्या यादीतून नाव कटलं. चार वर्षं घाम गाळलाय तिनं."

"सर, ती गार पडलीये."

"म्हणजे फॉर्म गेला?"

"म्हणजे गारच पडलीये हो!"

बाई धापा टाकत तिच्या घरी पोचल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत चिटपाखरू नाही. मोबाइलवर अक्षरं उमटली, 'पट्टा जवळ आहे. नाडी बेचाळीस.' दिवाणखाना रिकामा, खोली रिकामी. स्वयंपाकघरात फक्त फ्रिज घरघरत होता. बाईंनी त्याचं दार उघडलं. भाजीच्या कप्प्यात एक जाडजूड काकडी आडवी पडली होती. तिच्या कमरेला पट्टा होता, आणि पट्ट्याचा हिरवा दिवा संथपणे लुकलुकत होता.

"मॅडम?"

बाईंनी अशी किंकाळी फोडली की मागे उभी असलेली धावपटू, नुकतीच न्हाऊन आलेली, टॉवेलसकट दोन पावलं मागे सरली. पाठोपाठ गच्चीवरून कपडे घेऊन तिची आई आली.

"मीच बांधला तो," आई म्हणाली. "जेवायला बसली की तुमचा मेसेज, आडवी झाली की मेसेज! पोर धास्तावली होती. मग दिला काकडीला. ती मऊ पडायला लागली, म्हणून फ्रिजमध्ये ठेवली."

"अहो, पण काकडीला नाडी?"

"ते तुम्ही शिकलाय. मी कुठे?"

तीन दिवस आपण एका काकडीला पौष्टिक आहार सुचवत होतो, हे बाईंना कळलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मुलीचं मनगट धरलं, पहिल्यांदाच. ऊबदार होतं. घड्याळ लावून ठोके मोजले. सेहेचाळीस, मुरलेल्या धावपटूला शोभतील असे, खणखणीत. बाईंनी उभ्या उभ्या कागदावर सही केली. पोरीचं नाव यादीत राहिलं आणि आईनं डोळ्यांना पदर लावला.

जाता जाता बाईंनी काकडीवरचा पट्टा सोडवला. "बिघडलाय मेला," असं म्हणत त्यांनी तो स्वतःच्या मनगटावर आवळला. हिरवा दिवा बराच वेळ शोधत राहिला. मग विझला. मोबाइलवर आलं, 'पट्टा कुणीही घातलेला नाही.'

"माणसांना ओळखतच नाही वाटतं!" बाई हसल्या. धावपटूही हसली. तिनं बाईंच्याच पद्धतीनं त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं.

थोड्या वेळानं तिनं बोटं जरा वर सरकवली. मग बाईंचा दुसरा हात हातात घेतला. तिचं हसू मावळलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "फ्रिजचं दार लाव आधी. आणि जरा इकडे ये."