सदाआप्पांचे दात

सदाआप्पा गिटारीला चावायचे. हसू नका, माझ्या गिटारीच्या डोक्यावर त्यांच्या दातांच्या खुणा अजून आहेत!

कॉलेजात मी हौसेनं गिटार घेतली, पण ती सुरात लावता येईना. शेजारचे आप्पा धावून आले. गिटारीचं डोकं दातांत धरलं, डोळे मिटले, दोन तारा एकदम छेडल्या आणि खुंटी पिळायला लागले.

"जुळत न्हाईत तवर तारा भांडत्यात, लाकूड दातांत हिसकं मारतंय. हिसकं मोडलं आन् एकसारखं थरथरलं की जुळल्या! मशीन कशाला पायजे?"

आणि गिटार अशी सुरात लागली म्हणता, नाद खुळा!

पुढं त्यांना वेडच लागलं. लग्नाच्या मांडवात थेट स्टेजवर चढून गिटारवाल्याला म्हणायचे, "पावणं, द्या हिकडं. तिसरी तार उतरलीया."

"अहो, अजून वाजवलीच न्हाय की!"

"मग उतरणारच हाय. द्या!"

बोलणं तर असं, की गल्लीच्या टोकाला ऐकू जावं. कागलच्या एमआयडीसीत पत्रा ठोकणाऱ्या धडधडत्या प्रेसवर कामाला होते. पण आमच्या कोल्हापुरात हळू बोलतंय कोण? त्यामुळं कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

एका वर्षी गल्लीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात त्यांची लेक सुमी पहिल्यांदाच गाणार होती, तेही लहानपणापासून शिकलेली पेटी सोडून स्वतः गिटार वाजवत. आप्पा महिनाभर हवेत! कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी बसले. आणि सुमीनं काय आवाज लावला, काय सांगू! माझ्या अंगावर काटा आला. शिट्ट्या, टाळ्या, 'वन्स मोअर'चा दंगा! सगळ्यांत आधी उठून आप्पाच टाळ्या पिटत होते.

टाळ्या थांबल्या. आप्पा माझ्या कानाशी वाकले. त्यांच्या मते ते कुजबुजले, पण ऐकलं सगळ्या मांडवानं.

"पोरीचा सूर लागला का रं? प्रेसनं कान खाल्लं माजं. काय बी ऐकू येत न्हाय. तिला सांगू नगंस."

एवढी वर्षं आम्ही त्या दातांना हसलो होतो, त्याची लाज वाटली.

सुमी गिटार घेऊन खाली आली आणि आप्पांच्या समोर उभी राहिली. ओठ ठळक हलवत म्हणाली, "मला कवाच ठावं हाय, आप्पा. पेटी सोडून गिटार उगंच धरली व्हय मी? घ्या, धरा दातांत."

तिनं त्यांच्याशेजारी बसकण मारली, गळ्याचा सूरही लाकडात उतरावा म्हणून गिटारीवर हनुवटी टेकवली आणि तेच गाणं पुन्हा सुरू केलं.

आप्पांनी गिटारीचं डोकं दातांत धरून डोळे मिटले. दोन ओळी झाल्या असतील, तोच गालांवरून पाणी वाहायला लागलं. गिटार तोंडात धरूनच ते बोबडं ओरडले, "थरथरतंय! थरथरतंय की गं! थांबू नगंस, सुमे!"