रणजीवनच्या वयाचा उतारा

इंद्रजित पोवार विसाव्या वर्षी म्हातारा झाला, याला त्याचा बाप जबाबदार आहे. रणजीवन जबाबदार नाही. तो नट आहे, त्याला आळवडी हे गाव कुठं आहे हेसुद्धा माहीत नाही.

आळवडीत रणजीवनचा पिक्चर लागला की पहिल्या खेळाआधी त्याचं वय उतरवतात. लहान पोराची दृष्ट काढतात तसंच. किरण टॉकीजच्या पडद्यावरून मीठ-मोहरी, लाल मिरच्या, दहीभात आणि लिंबू ओवाळायचं, सगळं पत्रावळीवर घालायचं आणि पत्रावळ टॉकीजच्या दारात ठेवायची. जो सगळ्यांत आधी ती ओलांडेल त्याच्या अंगावर रणजीवनचं जादा झालेलं वय जातं, आणि आत पडद्यावर रणजीवन भूमिकेला शोभेल एवढा तरुण दिसतो. ज्या गावात उतारा करत नाहीत तिथं त्याचे पिक्चर चालत नाहीत. शेजारच्या वाघापुरात मागच्या वर्षी पत्रावळ कुणी ओलांडलीच नाही, सगळे मागच्या दारानं आत गेले. तिथं साठीला टेकलेला रणजीवन पोट सावरत, वह्या छातीशी धरत कॉलेजचा जिना चढला. लोक हसले आणि तिसऱ्या दिवशी पोस्टर उतरलं. आळवडीत तोच पिक्चर दिवाळीपर्यंत चालला. इथं पत्रावळ भरत सुतारानं ओलांडली होती. भरत तेव्हा आयटीआयला होता. आता तो देवळाच्या कट्ट्यावर बसतो, आणि कट्ट्यावरचे म्हातारे सरकून त्याला जागा देतात.

उतारा करतं ते रणजीवन रसिक मंडळ. त्यातला एकही माणूस पन्नाशीच्या आतला नाही. मंडळाची माणसं पत्रावळ ओलांडत नाहीत. आमची वयं भरलेली आहेत, आता त्यात जागा नाही, असं ती सांगतात, आणि मागच्या जिन्यानं आधीच बाल्कनीत जाऊन बसतात. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे इंद्रजितचे वडील, शंकरराव पोवार, सगळ्यांचे आण्णा. आण्णांनी तरुणपणी एकदा उतारा ओलांडला होता. तेव्हा रणजीवन स्वतःच पंचविशीचा होता, त्यामुळे आण्णांच्या वाट्याला तीन वर्षं आली आणि मिशीचे चार केस पांढरे झाले. ते चार केस त्यांनी पुढं जन्मभर गावाला दाखवले. "आमीबी वलांडलाय की," ते म्हणायचे. "आमी कवा तक्रार केली?"

इंद्रजितनं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, कारण तिथले सर स्वतः शिकत असतानाच्या वह्या वाचून दाखवायचे आणि मध्येच डोळे पुसायचे. सकाळी तो माळावर पळायचा. सैन्यभरती जवळ आली होती. भरतीत वय दाखल्यावर मोजत नाहीत, अंगावर मोजतात. आळवडीच्या पोरांमुळं तसा नियमच झाला आहे. इंद्रजितचं अंग विशीचं होतं आणि त्याला ते जपायचं होतं. म्हणून तो किरण टॉकीजच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे.

पण रणजीवन त्याच्याएवढा मंडळात कुणालाच कळला नव्हता. मंडळाला त्याचे डायलॉग आणि हाणामाऱ्या पाठ होत्या. इंद्रजितला त्याची पाठ आवडायची. टीव्हीवर बघितलेल्या एका जुन्या पिक्चरमध्ये रणजीवन वीटभट्टीवरचा मजूर आहे. तो कॅमेऱ्याकडं पाठ करून भाकरी खातो, चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही, तरी भाजीत मीठ नाही हे बघणाऱ्याला कळतं. दुसऱ्या एकात तो कुस्ती हरतो. हरल्यावर वर आभाळाकडं बघत नाही, जिंकलेल्याच्या पायाकडं बघतो; पुढच्या खेपेला हा पाय धरायचा, हे तो मातीत पडल्या पडल्याच ठरवत असतो. असला नट शंभर वर्षांत एकदा होतो, असं इंद्रजितचं मत होतं आणि ते बरोबर होतं.

वाघापुरातला तो पडलेला पिक्चरसुद्धा इंद्रजितनं दुसऱ्याची गाडी मागून, तिथं जाऊन बघितला होता. लोक हसत होते तेव्हा हा एकटा गप्प होता. जिन्याच्या मधल्या वळणावर रणजीवन थांबला होता आणि त्यानं कठड्याला हात लावला होता. क्षणभरच. तो दम अभिनयाचा नव्हता, खरा होता, आणि आजवरच्या त्याच्या सगळ्या कामात तो एक श्वास सगळ्यात भारी होता. इंद्रजित घरी येऊन म्हणाला होता, "आण्णा, त्याला म्हातारा हू द्या. म्हातारपणी त्यो ह्याच्याबी वर जाईल."

"गप बस," आण्णा म्हणाले होते. "साहेब म्हातारं हुत न्हाईत."

त्यामुळं नवा पिक्चर यायच्या आदल्या दिवशी आण्णा जेवता जेवता जे बोलले त्यानं इंद्रजितचा घास हातातच राहिला.

"या खेपंला साहेब म्हाताऱ्याचं काम करत्यात," आण्णा म्हणाले. "बापाचं. केस पांढरं, काठी, सगळं."

"खरं?"

"तुझ्या गळ्याची आण."

"मग उतारा?"

"म्हाताऱ्याला कशाला लागतोय उतारा?" आण्णांनी ताकाचा पेला तोंडाला लावला. "तुजी इच्छा हुती न्हवं? बग जा आता."

आई चुलीपुढून म्हणाली, "अवो, त्याची भरती आठ दिसांवर आलीया. त्याला कशाला टॉकीजला धाडताय?"

"तुला पिक्चरमधलं काय कळतंय?" आण्णा म्हणाले, आणि आई गप्प बसली. या घरात पिक्चरमधलं कळतं ते फक्त आण्णांना, हे लग्नाआधीच ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी इंद्रजित माळावरून थेट टॉकीजला गेला. दारात पोरांची गर्दी होती आणि कुणीच आत जात नव्हतं. उंबऱ्यापुढं लाल पायघडी अंथरली होती, वर झेंडूच्या पाकळ्या टाकल्या होत्या. आजवर कधी पायघडी घातली नव्हती. इंद्रजितला वाटलं, म्हाताऱ्याच्या भूमिकेचा हा मान असावा, आणि त्याला मंडळाविषयी आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटलं. त्यानं चप्पल काढली, पायघडीवरून उंबरा ओलांडला. तळव्याखाली काहीतरी मऊ लागलं. मागं गर्दीनं श्वास सोडला आणि पोरं भराभरा आत शिरली.

आण्णा खोटं बोलले नव्हते. पहिली पंधरा मिनिटं पडद्यावर फक्त म्हातारा रणजीवन होता. तो मुलाचं ताट वाढून वाट बघत बसतो. माशी ताटावर बसते, तो ती हाकलतो. पुन्हा बसते, पुन्हा हाकलतो. तिसऱ्यांदा बसते तेव्हा हाकलत नाही. एवढंच. इंद्रजितच्या डोळ्यांत पाणी आलं. बाल्कनीत मात्र चुळबुळ चालली होती, कुणीतरी खोकत होतं.

मग मुलगा आला. मुलाचं कामही रणजीवननंच केलं होतं. साठातली अडतीस वर्षं उतरून बावीस वर्षांचा झालेला, काटक, छाती पुढं काढून तो भरतीच्या मैदानावर पळत होता. बाल्कनीतून शिट्ट्यांचा पाऊस पडला. चिल्लर पडद्यावर आपटली. इंद्रजितनं टाळी वाजवायला हात उचलले आणि ते त्याला ओळखू आले नाहीत. वर निळ्या शिरा होत्या, कातडी सैल होती, बोटांची पेरं सुजलेली होती.

इंटरव्हलला तो बाल्कनीचा जिना चढला. मधल्या वळणावर थांबून त्यानं कठड्याला हात लावला. वर आण्णा शेंगदाणे खात होते. शेजारी मंडळाचे सल्लागार देसाई गुरुजी बसले होते, निवृत्त मुख्याध्यापक. मंडळातले सगळे नियमाचे प्रश्न तेच सोडवायचे.

"आण्णा, तुमी माज्या गळ्याची आण घेतलीसा."

आण्णांनी त्याला नीट बघितलं, मग शेंगदाण्याची फोलपटं झटकली. "मग? म्हाताऱ्याचं काम हाय का न्हाई? पोराचं बी हाय. त्ये तू इचारलं न्हाईस."

"पत्रावळ पायघडीखाली झाकली तुमी."

"हे बघ इंद्रजित," गुरुजी म्हणाले, "उतारा उघडाच ठेवावा असा काही दंडक नाही. दारात ठेवावा, एवढंच आहे. आणि तू..." ते थांबले, त्यांनी चष्मा पुसला आणि जागेवरून अर्धवट उठले. "तुम्ही आधी बसा. उभे राहू नका. पंखा तिकडे आहे."

इंद्रजित बसला नाही. "त्यो ताटाचा सीन बघितलासा का?" तो म्हणाला. "माशीचा? साठ वर्षं लागत्यात तसं बसाय. तसला माणूस पडद्यावर आला आणि तुमी खोकत बसलासा. त्याला म्हातारा ऱ्हाऊ द्यायचा हुता."

"म्हातारा बगाय टॉकीजला कोण येतंय?" आण्णा चिडले. "म्हातारा आमी रोज दाढी करताना बगतोय. साहेब म्हातारं झालं तर आमी कुठं जायाचं? हां? कुणाकडं बगायचं?"

"माज्याकडं बगा की."

आण्णांनी बघितलं नाही. घंटा झाली, दिवे गेले, आणि आण्णांनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली.

इंद्रजित खाली जाऊन बसला. त्यानं उरलेला पिक्चर बघितला, कारण घरी जाऊन करण्यासारखं आता काही नव्हतं आणि म्हाताऱ्याचे अजून तीन सीन बाकी होते. तिन्ही उत्तम होते. शेवटी मुलगा भरती होतो, बाप फलाटावर त्याला निरोप द्यायला येतो आणि गाडी सुटल्यावर हात न हलवता नुसती पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतो. मंडळ तोवर उठलं होतं. दार उघडं पडल्यामुळं पडद्यावर ऊन आलं आणि पिशवी नीट दिसली नाही.

घरी आई दारातच होती. त्याला बघून तिनं डोक्यावर पदर ओढला आणि ती भिंतीला सरकून उभी राहिली, वडीलधारं माणूस आलं की सरकते तशी. मग तिला कळलं. पण पदर तिनं खाली घेतला नाही. कसा घेणार? तो तिच्यापेक्षा मोठा होता. तिनं चहा टाकला आणि कपबशी त्याच्या हातात न देता पुढं ठेवली.

भरतीच्या दिवशी तो तरीही मैदानावर गेला. पोरं रांगेत उड्या मारून अंग गरम करत होती. एका जवानानं त्याला दंडाला धरून हळूच बाजूला केलं. "बाबा, पालकांनी दोरीच्या बाहेर थांबायचं. तुमचा मुलगा कितव्या रांगेत आहे?"

"मुलगा न्हाई," इंद्रजित म्हणाला. "मीच हाय."

जवान नवा होता, पण त्याला आळवडीची माहिती दिलेली होती. "कुठला पिक्चर?" त्यानं विचारलं. इंद्रजितनं नाव सांगितलं. "चांगला आहे म्हणतात," जवान म्हणाला आणि त्यानं दोरी वर उचलून धरली, म्हणजे इंद्रजितला बाहेर जाताना फार वाकावं लागू नये.

पिक्चर आळवडीत उत्तम चालला. मंडळानं टॉकीजच्या दारात इंद्रजितचा नारळ आणि टॉवेल देऊन सत्कार ठेवला, अध्यक्षस्थानी आण्णा होते. बोलताना एकदा त्यांच्या तोंडून "आमचे ज्येष्ठ बंधू" असं निघालं, आणि कुणी हसलं नाही.

इंद्रजितची भरती गेली. विशी आणि अठ्ठावन्न यांच्या मधली त्याची सगळी वर्षं गेली, आणि त्यातला एकही दिवस त्यानं बघितलेला नाही.