समाजातील एक घटक

दंगल मूठभर लोक करतात. तिच्यावरचा माहितीपट मात्र सर्वांचा असावा लागतो. आमच्या शहरात भाडेवाढीवरून एकदा पेटापेटी झाली होती. त्या काळातल्या संगीतावर माहितीपट काढायचं ठरलं, तेव्हा कोणीही वगळलं जाऊ नये म्हणून प्रतिनिधित्व समिती नेमण्यात आली. तिच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. (मी तिचा सदस्य होतो.)

मूळ घटना तशी छोटी. संचारबंदी लागलेली, रस्ते ओस. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा एक तरुण गच्चीवर चढला आणि वाजवू लागला. आधी खिडक्या उघडल्या, मग दारं, मग माणसं खाली उतरली. गोळीबार झाला. ट्रम्पेट थांबलं.

त्याची थोरली बहीण इस्त्रीचं दुकान चालवते. दिग्दर्शिका तिच्याकडे गेली, तेव्हा तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि एकच अट घातली.

"ताई, माझा फोटो नको, सत्कार नको. माझ्या भावाचं नाव तेवढं घ्या. तेव्हा पेपरात नुसतं 'एक इसम' छापलं होतं."

दिग्दर्शिकेचे डोळे भरून आले. (आमच्या क्षेत्रात ही पात्रता समजली जाते.) तिने शब्द दिला.

पण समिती भावनेच्या आहारी जात नाही. वादक हा पुरुष, तरुण आणि मृत. या तिन्ही गटांना याआधी भरपूर वाव मिळालेला आहे. मग झोपमोड झालेल्या शेजाऱ्यांचं काय? काचा फुटलेल्या दुकानदारांचं काय? ज्यांना कुठलंच संगीत आवडत नाही, त्या नागरिकांनी कुठे जायचं? सर्वांना बोलावलं. गोळी झाडणारा शिपाई तर फारच गोड बोलला. शिवाय तो बासरी वाजवतो असं कळलं. संगीत आणि अशांतता दोन्ही एकाच माणसात मिळाल्यावर माहितीपटाचा मधला भाग त्याच्याकडे जाणं ओघानेच आलं.

फक्त ट्रम्पेटच का, अशी हरकत निघाली. म्हणून ती धून आठ वाद्यांत समान वाटून देण्यात आली. कोणाच्याही वाट्याला ती ओळखू येण्याइतकी आली नाही.

राहिलं नाव. एकाचं घेतलं की बाकीच्यांवर अन्याय. त्यामुळे 'समाजातील एक घटक' असा शब्दप्रयोग मुक्रर झाला. 'इसम' हा शब्द पुरुषी होता. ती जुनी चूक आम्ही दुरुस्त केली.

पहिल्या खेळाला बहीण पहिल्या रांगेत होती. 'समाजातील एक घटक' हे शब्द कानावर पडताच ती उठली.

"घटक नव्हता तो. माझा भाऊ होता."

"बसा ना ताई," दिग्दर्शिका कुजबुजली, "अजून संपलं नाहीये."

"तुम्ही शब्द दिला होतात, बाई."

एवढं बोलून ती लोकांकडे वळली आणि तिने भावाचं नाव घेतलं. जेवायला हाक मारावी तसं, मोकळ्या गळ्याने.

सभागृह हेलावून गेलं. तिने ते नाव पुरतं उच्चारण्याआधीच लोक उभे राहिले आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की ते नाव कोणालाच ऐकू आलं नाही. ती दार ढकलून निघून गेली. तिच्या मागे जाऊन कोणी ते नाव विचारलं नाही; टाळ्या चालू होत्या. हा प्रसंग दर खेळाला ठेवावा, अशी सूचना मात्र बऱ्याच जणांनी केली.

ही हकिगत वाचून, आमच्यासारखं कोणी हिच्यात नाही, अशी तक्रार कृपया करू नये. काळजी घेतलेली आहे. तिची गोष्ट आवडली ना तुम्हाला? मग टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्ही आहातच.