श्रद्धांजलीखालची निळी ओळ

कुणी गेलं की त्याच्याबद्दल दोन चांगल्या ओळी लिहाव्यात, यात वाईट काय आहे? काही नाही. तिसरी ओळ लिहायला गेलं की मग बघा. आमच्या कवळीवाल्याने तिसरी ओळ लिहिली, आणि तीही निळ्या रंगाची, खाली रेघ असलेली, बोट लावलं की दुसरीकडे नेणारी.

कवळीवाला म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारा. डॉक्टर तोंडात ठसा घेतात, तो ठसा याच्याकडे येतो, हा त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढतो आणि त्या साच्यावर दात बसवतो. घराच्या मागच्या खोलीत सव्वीस वर्षं हेच. तिन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर ओळीने पांढरे जबडे आणि प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने नाव. कवळी पडली, तुटली, तर साचा कामाला येतो, म्हणून हा एकही टाकत नसे. (पाहुणे बाथरूम समजून ते दार एकदा उघडायचे. दुसऱ्यांदा कुणी उघडत नसे.)

अलीकडे मात्र डॉक्टर ठसे घेईनासे झाले. तोंडात कॅमेरा फिरवायचा, चित्र मशीनवाल्या मोठ्या लॅबला पाठवायचं, तिसऱ्या दिवशी दात हजर. याच्याकडे काम पाठवणाऱ्या डॉक्टरांपैकी एकच उरल्या होत्या, चौकातल्या डॉक्टरीणबाई, आणि त्याही रिटायर होण्याच्या गोष्टी करत होत्या. मागच्या खोलीतला फोन इतका गप्प असायचा की बायको अधूनमधून कानाला लावून बघायची, जिवंत आहे का.

त्यात सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. जिना चढणं बंद. तळमजल्यावर रिकामी होऊ शकणारी खोली एकच, ती जबड्यांची.

"तीन महिने देते," बायको म्हणाली. "फोन वाजायला लागला तर आईची सोय मी दुसरीकडे बघते. नाही वाजला तर आईची खाट इथे लागेल, आणि तुम्ही जायचं मशीनवाल्या लॅबमध्ये, पॉलिश करायला. त्यांना माणसं हवीच आहेत."

"दुसऱ्याने केलेल्या दातांना मी पॉलिश करू?"

"मग घरी बसून दात-ओठ खा."

बायको शाळेच्या ऑफिसात आहे. तिथे मुदत संपल्यावर एका मिनिटाने आलेला अर्जसुद्धा परत जातो, हे कवळीवाल्याला ठाऊक होतं. (लग्नाआधी एकदा तो स्वतः सिनेमाला सात मिनिटं उशिरा पोचला होता. तोवर ही एकटीच आत जाऊन सिनेमा बघत बसली होती.) त्या खोलीबाहेर आपण कोण, हे त्याला सव्वीस वर्षांत कधी शोधायची वेळच आली नव्हती.

मग त्याने मेहुण्याला बोलावलं. मेहुणा कॉम्प्युटरवाला. कवळीवाल्याची वेबसाईटही त्यानेच करून दिलेली.

"साईट झकास आहे, दाजी. पण कवळी म्हणून शोधलं तर तुम्ही नवव्या पानावर येता."

"मग लोक नऊ पानं उलटत नाहीत?"

"लोक पहिलं पानसुद्धा धड वाचत नाहीत. तुम्हाला लिंक बिल्डिंग करावी लागेल. म्हणजे दुसऱ्यांच्या साईटवर तुमच्या साईटचा पत्ता हवा. जुनी, वजनदार साईट तुमच्याकडे बोट दाखवते, म्हणजे हा माणूस कुणीतरी असणार, असं सर्च इंजिनला वाटतं. मग ते तुम्हाला वर ढकलतं."

"आणि हे चालतं?"

"पूर्वी धो धो चालायचं. मग लोकांनी विकतच्या लिंका लावून लावून पार वाट लावली. आता काही जण म्हणतात, लिंकचे दिवस संपले. काही म्हणतात, चांगल्या जागची एक लिंक अजूनही शंभर जाहिरातींना भारी."

"तुझं मत काय?"

"माझं मत असं की दोघंही क्लास घेतात, आणि दोघांचेही क्लास फुल आहेत."

बुडत्या माणसाला एवढं पुरलं. कवळीवाल्याने दंतवैद्यांच्या संघटनेला लिहिलं. उत्तर नाही. वाचनालयाला लिहिलं. वाचनालयाने सभासद व्हायचा फॉर्म पाठवला. शेवटी बायकोच्या शाळेला विचारलं.

"आमच्या पोरांना अजून दुधाचे दात आहेत," बायको म्हणाली, "आणि मला तिथे अजून आठ वर्षं नोकरी करायची आहे."

अशा वेळी एका सकाळी त्याने गावातल्या जुन्या वर्तमानपत्राची साईट उघडली आणि त्याला दिसलं की गेलेल्या प्रत्येक माणसाचं तिथे एक पान असतं. फोटो, जन्म, मृत्यू आणि खाली मोकळी जागा, 'आपल्या भावना व्यक्त करा'. पंच्याण्णव वर्षांचं वर्तमानपत्र! याहून वजनदार काय असणार? आणि गेलेली माणसं म्हणजे बहुतेक म्हातारी, आणि म्हातारी म्हणजे निम्मी याचीच गिऱ्हाइकं.

त्याने भावना व्यक्त केल्या. 'आजींना भावपूर्ण श्रद्धांजली. त्यांचा खालचा जबडा बसवणं सोपं नव्हतं, पण त्यांनी शेवटपर्यंत सहकार्य केलं.' आणि खाली निळी ओळ. आजींच्या मुलाने आभार मानले. कवळीवाल्याचे डोळे भरून आले. (खोटं नाही. खालचा जबडा खरंच अवघड होता.)

तत्त्वाचा माणूस, म्हणून ज्याचे दात आपण केले त्याच्याच पानावर लिहायचं, असं त्याने ठरवलं. पण सवय लागली. सकाळी चहाआधी तो गेलेल्यांची यादी बघू लागला. बायको डबा भरत असायची आणि हा मान हलवून म्हणायचा, "छे. आज एकही नाही."

"काय एकही नाही?"

"काही नाही गं."

थंडीची लाट आली त्या आठवड्यात त्याचा चेहरा खुलला होता, हे बायकोने नंतर मेहुण्याला रडत रडत सांगितलं. दोन महिन्यांत एकतीस झाले. फोन मात्र वाजला नाही.

बत्तिसावे बातमीवाले काका. अख्ख्या गावाने तीस वर्षं ज्यांच्या आवाजात रेडिओवरच्या बातम्या ऐकल्या, ते काका. तेवीस वर्षांपूर्वी ते याच्याकडे मागच्या दाराने आले होते, टोपी डोळ्यांवर ओढून. डॉक्टरीणबाईंनी सगळे दात काढलेले. कवळीवाल्याने तीन वेळा वरचे दात घासून घासून बसवले, कारण 'स' म्हणताना शिट्टी वाजायची. काका खुर्चीत बसून जुन्या पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचायचे आणि हा डोळे मिटून ऐकायचा. पूर आला की 'स' नीट येतोय का, सरकार पडलं की येतोय का. अखेर एकदाचा स्वच्छ आला, तेव्हा काकांनी त्याचे दोन्ही हात धरले. सव्वीस वर्षांत तेवढं चोख काम त्याच्या हातून दुसरं झालं नव्हतं.

म्हणून त्याने मनापासून लिहिलं. 'काकांना भावपूर्ण श्रद्धांजली. तेवीस वर्षं त्यांची वरची-खालची पूर्ण कवळी सांभाळण्याचं भाग्य आम्हाला लाभलं. त्यांचा स शेवटपर्यंत स्वच्छ होता.' आणि निळी ओळ.

अकरा वाजता फोन वाजला! कवळीवाला असा धावला की पॉलिशचं चाक चालूच राहिलं.

"अहो," पलीकडे बायको होती, "काय लिहून ठेवलंत ते?"

"श्रद्धांजली."

"इथे सगळं ऑफिस वाचतंय! खाली त्यांच्या बायकोने काय विचारलंय बघा आधी."

त्याने बघितलं. काकूंनी दोनच शब्द लिहिले होते.

'कुठली कवळी?'

मागचं दार, टोपी, 'कुणाला बोलू नका हं' हे दर वेळचं शेवटचं वाक्य, सगळं एकदम आठवलं. एका लिंकसाठी आपण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडला. त्याने वर्तमानपत्राला फोन केला. तिकडून एका मुलीने गोड आवाजात सांगितलं की मजकूर काढायला दिवंगतांच्या पत्नीचा अर्ज लागेल.

पत्नी तासाभराने स्वतःच आली. मागच्या दाराने नाही, पुढच्या. सत्तरीची, ताठ, हातात पिशवी. दारातच म्हणाली, "ते लिहिणारे तुम्ही?"

"काकू, माझं चुकलं. तुम्ही एक अर्ज दिलात तर मी आत्ता..."

"अर्जाचं नंतर. खरं आहे का ते?"

खोटं बोलायची संधी होती. पण चारशे जबड्यांच्या मधोमध उभं राहून माणूस काय खोटं बोलणार?

"खरं आहे."

काकू खुर्चीत बसल्या, काका बसायचे त्याच.

"तेवीस वर्षं हा माणूस वेगळ्या खोलीत झोपला," त्या म्हणाल्या. "मला म्हणाला, मी घोरतो, तुझी झोपमोड होते. मी भिंतीला कान लावून ऐकायचे. एक दिवसही घोरला नाही कधी. मला वाटलं, कंटाळला मला. तेवीस वर्षं मला तेच वाटत होतं हो."

कवळीवाला उगाच पॉलिशचं चाक पुसू लागला.

"तुम्हाला काय सांगितलं होतं त्याने?"

"म्हणाले, बायकोला कळता कामा नये. तिने मला हसणं बघून पसंत केलं होतं."

"मूर्ख माणूस," काकू म्हणाल्या. "त्याचे दात तेव्हाही वाकडेच होते." आणि मग त्या रडल्या, मोठ्याने, पिशवी पोटाशी धरून. कवळीवाल्याने फळीवरून साचा काढून त्यांच्या हातात दिला. दुसरं काही द्यायला त्याच्याकडे नव्हतंच. त्यांनी पुढच्या दातांवरून अंगठा फिरवला, साचा रुमालात गुंडाळला आणि गेल्या. अर्जाचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, एक वाईट बातमी आहे आणि एक कशी आहे ते कळत नाही. वाईट अशी की त्या श्रद्धांजलीच्या पानांवरच्या सगळ्या लिंकांवर आतून शिक्का मारलेला असतो, या धरू नका म्हणून. सर्च इंजिन त्या मोजतच नाही. तुमच्या बत्तीसच्या बत्तीस फुकट."

"आणि दुसरी?"

"काल रात्रीपासून तुमच्या साईटवर नऊशे माणसं येऊन गेली. हाताने क्लिक करून. काकूंनी उत्तर लिहिलंय."

काकूंनी अर्ज दिलाच नव्हता. खाली लिहिलं होतं, 'कवळी होती. मला काल कळलं. आधी सांगितलं असतं तर आम्ही एका खोलीत झोपलो असतो. साचा या कवळीवाल्यांकडे मिळाला.'

आणि फोन वाजायला लागला.

"आमच्या ह्यांचा साचा आहे का हो तुमच्याकडे?" पहिल्या बाई.

"माफ करा, ते मला सांगता येणार नाही." (आता याला गुप्तता आठवली.)

"म्हणजे आहे!" आणि फोन आपटला.

पुढच्या बाईंना त्याने ठासून "नाही" सांगितलं. त्यांनी ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीने फोन केला, तिला "सांगता येणार नाही" असं उत्तर मिळालं आणि त्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही म्हणतात. मग पुरुषांचे फोन. "माझा जबडा आजच्या आज फोडा!" "मी स्वतः येतो न्यायला, कुणाला दाखवू नका!" चौकातल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी पाठवली. त्यांना त्यांचे पेशंट हवे होते, म्हणून कवळीवाला नको होता. झालं. शेवटचा डॉक्टरही गेला.

"फोन वाजतोय की नाही?" त्याने आठव्या दिवशी बायकोला विचारून बघितलं.

"वाजतोय. एकाने तरी दात मागितले?"

कुणीच मागितले नव्हते. महिन्याभरात लोक येऊन आपापले जबडे घेऊन गेले, कुणी टोपी ओढून, कुणी बायकोबरोबर, एक जोडपं तर हसत हसत. फळ्या रिकाम्या झाल्या. मशीनवाल्या लॅबने सोमवारपासून यायला सांगितलं.

रविवारी बायको खाटेसाठी टेप घेऊन खोलीत आली. भिंत मोजता मोजता मेणाच्या डब्यामागे तिचा हात गेला आणि एक साचा बाहेर आला. नुसता वरचा जबडा.

"हा कुणाचा राहिला?"

"असेल कुणातरी जुन्या गिऱ्हाइकाचा."

"नाव नाही याच्यावर."

"काही लोकांना नसतं आवडत, नाव घातलेलं."

बायकोने साचा खिडकीशी नेला, उजेडात फिरवून बघितला आणि त्याच्या हातात आणून ठेवला.

"बारा वर्षं झाली ना याला?" ती म्हणाली. "सुट्टीत तुम्ही एकटेच आठ दिवस मावशीकडे जाऊन आलात आणि आल्यावर तीन दिवस नुसता भात खाल्लात, तेव्हाचा. झोपेत तोंड उघडं पडलं की खाली घसरतो तो. मीच बोटाने वर ढकलते."

कवळीवाल्याने तोंड उघडलं आणि पुन्हा घट्ट मिटलं.

"आता उद्यापासून काढून झोपा," बायको टेप गुंडाळत म्हणाली. "आणि ते तुमचं काम बाहेर कुणाला दाखवू नका. पहिल्या दिवसापासून सैल बसलंय."