पाणी सांडलं गेलं!

कर्मणी प्रयोग ज्याला जमला, त्याची नोकरी कोणाचा बाप घेऊ शकत नाही! हे माझं स्वतःचं वचन. कर्जतच्या आसावरीबाईंकडे सहा महिने इटालियन शिकलो, त्यातलं एवढंच मनापासून शिकलो. 'एस्सेरे'चं, म्हणजे 'असणे'चं, रूप घ्यायचं, त्याला क्रियापदाचं भूतकाळी रूप जोडायचं. काम झालेलं दिसतं आणि करणारा गायब!

गायब होण्याची मला फार निकड होती. खालापूरच्या आमच्या कारखान्यात बाटल्यांना झाकणं लावणारं इटालियन यंत्र आहे. खंडेनवमीच्या पूजेत मी जोशात नारळ थेट यंत्राच्या कोपऱ्यावर फोडला. पाणी सगळं बटणांच्या पेटीवर! सगळ्यांचं लक्ष पेढ्यांकडे, म्हणून कोणी पाहिलं नाही. दसऱ्याची सुट्टी संपली, तर यंत्र ढिम्म! इटलीहून इंजिनियर येतोय कळलं आणि माझं जेवण सुटलं. कायम व्हायला महिना राहिला होता हो!

अहवाल इटालियनमध्ये मीच लिहिला. 'लाक्वा ए स्ताता वेर्साता.' पाणी सांडलं गेलं. बस्स! साहेबांना सांगून टाकलं, इटालियनमध्ये करणारा गायबच असतो!

इंजिनियरनं चष्मा लावून वाचलं, मान डोलावली आणि विचारलं, "दा की?"

कोणाकडून? त्या वाक्याला 'दा'चं मागचं दार असतं आणि करणारा तिथून परत आत येतो, हे मी साफ विसरलो होतो!

"काय म्हणतोय रे?" आमचे मॅनेजर कर्णिक साहेब, त्यांनी विचारलं.

"पाणी कोणी सांडलं, विचारतोय."

"हिरामणनं! दुसरं कोण? फरशी तोच पुसतो."

हिरामण बादली धरून उभा होता, तो पांढराफटक पडला. "मी नाय सांडलं साहेब! आय शपथ! विकास, तू तरी सांग रं!"

रिकामी जागा सोडली की तिथे गरिबाचंच नाव भरलं जातं. मी डोळे घट्ट मिटले आणि ओरडलो, "दा मे! माझ्याकडून! नारळ मी फोडला!"

साहेब लालबुंद. "विकास, तू उद्यापासून..."

तेवढ्यात इंजिनियर हसला. त्यानं पेटी उघडली. झाकणाला घट्ट रबर, आत पाण्याचा टिपूस नाही! मग वाकून त्यानं यंत्राच्या पोटातून झेंडूचा भलामोठा हार ओढला. त्या हारानं यंत्राचा सुरक्षेचा डोळा झाकला होता, म्हणून ते हलत नव्हतं. हार निघाला आणि यंत्र घरघरायला लागलं!

"दा की?" त्यानं हार उंच धरून विचारलं.

हार कोणी घातला, ते सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. घालतानाचा फोटो काढून घ्यायला साहेब चांगली पाच मिनिटं थांबले होते.

साहेबांनी मला कोपऱ्यात ओढलं. कपाळाचा घाम पुसत कुजबुजले, "विकास, ते उद्यापासूनचं राहू दे. तो करणारा गायब होतो ना... ते कसं लिहितात रे?"