चुरीसर आणि पृथ्वीचा शेवट

ज्या सिनेमात शेवटी पृथ्वी वाचते, त्या सिनेमाची कॅसेट चुरीसर रिवाइंड न करता परत द्यायचे. आमच्या व्हिडिओ लायब्ररीत अशा कॅसेटला दंड होता. सर तो हसतमुखाने भरायचे. "हा दंड मला नाही, दिग्दर्शकाला आहे," ते काउंटरवरच्या माणसाला सांगायचे. "मी आपला त्याच्या वतीने भरतो."

माझी त्यांची ओळख त्या काउंटरवरच झाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी लग्न होऊन गिरगावातून वसईला आले होते. आठवडाभर मुंबईला नोकरी करायची आणि शनिवारी येताना एक इंग्रजी सिनेमा घेऊन यायचा, अंतराळातला असेल तर फारच उत्तम. त्या दिवशी मी परग्रहवासीयांचा एक सिनेमा उचलला, तर शेजारी उभे असलेले पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ म्हणाले, "नेऊ नका. शेवटी सगळे वाचतात."

"मग तर नक्की नेते," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घालून माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही तर शिकलेल्या दिसता," ते म्हणाले. तिथून जो वाद सुरू झाला, तो पुढे कित्येक वर्षं चालला. सरांचं घर सांडोरला, आमच्या सोसायटीपासून चालत जाण्यासारखं, त्यामुळे वादात खंड पडायचं काही कारणच नव्हतं.

सर निवृत्त विज्ञानशिक्षक. घरामागे केळीची वाडी. सकाळी वाडीला पाणी, दुपारी सिनेमा, संध्याकाळी भेटेल त्याच्याशी वाद. त्यांचं म्हणणं एकच होतं: विज्ञानपटाचा शेवट वाईटच असला पाहिजे. "विज्ञानपट म्हणजे इशारा," ते म्हणत. "इशारा कुणी गूळ लावून देतं का?" न्हाव्याच्या खुर्चीत बसून, गळ्याभोवती कापड असताना त्यांनी हा सिद्धांत मांडलेला मी माझ्या नवऱ्याकडून ऐकला आहे. न्हाव्याने एकही विज्ञानपट पाहिला नव्हता, पण वस्तरा सरांच्या मानेवर असल्यामुळे त्याने घाईघाईने होकार दिला.

एकदा मी वाडीत त्यांना गाठलं. ते घड उतरवलेलं केळीचं झाड कोयत्याने तोडत होते.

"आता इथे लक्ष द्या," ते म्हणाले. प्रत्येक मुद्द्याआधी ते हे म्हणत, जणू माझ्या मागे अख्खा नववीचा वर्ग बसला आहे. "केळीने घड दिला, तिचं काम संपलं. तिला तोडायचीच असते. निसर्गाने शेवट गोड केलाय का कुठे?"

"पण सर, बुंध्याशी नवा मुनवा आलाच आहे की."

सरांनी त्या कोंबाकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, जिंकले.

"मुनवा पुढच्या सिनेमात," सर म्हणाले आणि कोयता चालवला.

रविवारी दुपारी मीही त्यांच्याकडे सिनेमा पाहायला जाऊ लागले. सरांच्या पत्नी, सुलूकाकू, शेजारच्या आरामखुर्चीत बसत. साखरेच्या दुखण्याने त्यांची नजर गेली होती. सर खुर्ची ओढून अगदी त्यांच्या कानाशी बसत आणि सगळा सिनेमा मराठीत सांगत. काकूंचे प्रश्न मोठे मार्मिक असत. "हा रॉजर कोण हो?" त्यांनी एकदा विचारलं. "मघापासून सगळे त्यालाच हाक मारतात, आणि तो काही येत नाही." सरांनी सिनेमा थांबवून, 'रॉजर' म्हणजे 'संदेश मिळाला' इथपासून, बिनतारी संदेशवहनावर एक छोटं व्याख्यान दिलं. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे रॉजर नाहीच. मग ठीक आहे." सिनेमा संपत आला की सरांचा आवाज बारीक होई. मला त्यातलं काही ऐकू येत नसे, आणि ऐकावं असं मनातही आलं नाही. दोघांचं काही खासगी चाललं असेल म्हणून मी मुकाट्याने वाटीतली सुकेळी, वाडीतल्याच केळ्यांची सुकवलेली, संपवत बसे.

आमच्या वादाची कीर्ती सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळापर्यंत गेली. त्या वर्षी मंडळाने जाहीर केलं: एका संध्याकाळी वादविवाद, विषय "विज्ञानपट सुखान्त असावा की दुःखान्त", आणि लगेच मोठ्या पडद्यावर एक विज्ञानपट. सिनेमा सरांनीच निवडला, म्हणजे त्यात कुणी वाचणार नव्हतं हे उघड होतं. तो इंग्रजीत असल्यामुळे माईकवरून मराठीत सांगायचं कामही त्यांच्याकडेच आलं.

सर इतके खूश झाले की दोन दिवस वाडीत केळींसमोर भाषणाची तालीम करत होते. त्या संध्याकाळी काकूंना हाताला धरून मीच मंडपात आणलं. एरवी त्या गर्दीत येत नसत. पहिल्या रांगेत, माईकच्या समोरच त्यांना खुर्ची दिली. अख्खी सोसायटी लोटली होती. आजूबाजूच्या वाड्यांतूनही लोक आले होते.

मी आधी बोलले. म्हटलं, माणूस आठवडाभर राबतो, त्याला सोमवारी उठायचं बळ कुठून आणायचं? विज्ञान म्हणजे माणसाने संकटातून काढलेली वाट, मग ती वाट दर वेळी खड्ड्यातच का संपावी? बायकांनी चांगल्या टाळ्या दिल्या.

मग सर उठले. "आता इथे लक्ष द्या," ते म्हणाले, आणि खरोखरच सगळा मंडप गप्प झाला. "घरात धूर भरला, तर आई झोपलेल्या पोराला काय सांगते? 'सगळं छान आहे, झोप'? ती त्याला गदागदा हलवते. आपल्या विहिरींचं पाणी मचूळ होत चाललंय. वाड्या जाऊन इमारती येतायत. आणि तुम्हाला शेवट गोड हवा? गोड शेवट पाहिलेला माणूस घरी जाऊन पंखा लावून झोपतो. ज्याची झोप उडाली, तोच सकाळी उठून काही करतो. खरं सांगा. कडू असलं तरी खरं सांगा."

टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या, इलाज नव्हता. परीक्षकांनी एकमताने सरांना विजयी ठरवलं. बक्षीस म्हणून मिळालेला स्टीलचा डबा त्यांनी काकूंच्या मांडीवर ठेवला. काकूंनी झाकण चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, "घट्ट आहे."

सिनेमा सुरू झाला. दूरच्या ग्रहावर गेलेला एक माणूस एकटाच परत निघालाय, यान बिघडलंय, हवा संपत आली आहे, आणि पृथ्वीवरून त्याची बायको रेडिओवर त्याच्याशी बोलत राहते, त्याला झोपू देत नाही. सरांनी तो असा सांगितला की पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. यानाला धक्का बसला की सरांचा आवाज हादरे. बायको चिडली की सर चिडत. माझ्या मागची बाई हातातला प्रसाद खायचा विसरली होती.

शेवट आला. पडद्यावर बायको त्याला हाका मारत होती. पलीकडून एक तुटकं 'गुडबाय' आलं, आणि नंतर नुसती खरखर. मग खरखरही थांबली. यान लहान लहान होत एक ठिपका झालं आणि काळोखात दिसेनासं झालं.

सर गप्प होते. मंडप गप्प होता. त्या शांततेत पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला, "अहो, पोचला का तो?"

सरांनी काकूंकडे पाहिलं. मग समोरच्या सगळ्या माणसांकडे. माईक दोन्ही हातांनी धरला.

"पोचला," ते म्हणाले. "यान समुद्रात उतरलंय. होडी आलीये घ्यायला. दार उघडलं. बाहेर आला. जरा वाळलाय, पण चालतोय, आपल्या पायांनी चालतोय."

मागून एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, "सर, तो तर गेला ना?" त्याच्या शेजारच्याने त्याला कोपर मारलं. पडद्यावर नुसती नावं सरकत होती आणि मागे रडवं संगीत वाजत होतं.

"बायको धक्क्यावर उभी आहे," सर सांगत राहिले. "तिने त्याला ओळखलं. घरी नेलं. आता भात वाढतेय."

"सुखरूप आहे ना पण?" काकू.

"अगदी सुखरूप."

कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळा मंडप टाळ्या वाजवू लागला. सर माईक ठेवून पाणी प्यायला गेले. सगळ्यांच्या देखत ते माझी बाजू सांगून बसले होते, पण त्यांना चिडवायला जावं असं मला मुळीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सांडोरला गेले. काकू ओटीवर बसून बोटांनी चाचपत मोगऱ्याचा गजरा करत होत्या.

"काल सरांनी..." मी सुरुवात केली.

"मेला ना तो?" काकू म्हणाल्या.

मी ओटीच्या कडेला टेकले.

"अगं, वाजंत्रीवरून कळतं. घरी आलेल्या माणसासाठी असलं वाजवतात का? आणि एवढे सिनेमे ऐकल्यावर 'गुडबाय' कळण्याइतपत इंग्रजी येतंच की."

"मग विचारता कशाला, काकू?"

त्यांनी एक कळी दोऱ्यात बसवली. "डोळे गेले तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी ह्यांना पडद्याच्या पलीकडे नेऊन सांगितलं, आता नजर येणार नाही. पडदा कापडाचा. मी सगळं ऐकलं. हे आत आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सुलू, सहा महिन्यांत दिसायला लागेल म्हणतात. आवाज इतका आनंदी काढला होता बिचाऱ्यांनी. मी म्हटलं, बरं."

"कधीची गोष्ट?"

"झाली बरीच वर्षं. ते सहा महिने अजून चालू आहेत." त्या हसल्या. "जन्मभर पोरांना खरं शिकवलं ह्या माणसाने. खोटं बोलायला त्यांना एवढी एकच जागा आहे. ती मी का काढून घेऊ?"

मागच्या दाराने सर आले. पाय चिखलाने भरलेले, चेहरा उजळलेला. "बरं झालं आलात," ते मला म्हणाले. "नवा सिनेमा मिळालाय. धूमकेतू येऊन आदळतो. एक माणूस वाचत नाही. काय सिनेमा काढलाय!"

"लावा की मग," काकू गजऱ्याला गाठ मारत म्हणाल्या. "पण शेवट मला नीट सांगा हं."

"सांगेन की," सर म्हणाले, आणि पाय धुवायला विहिरीकडे वळले.