बस की, बाळासाहेब!

"बस की, बाळासाहेब!"

हौशीरामने मोटारसायकल अगदी पायाशी आणून थांबवली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मध्ये हौशीराम आणि मागे वीतभर जागा. ती जागा त्याने हाताने पुसूनही दाखवली.

"नको रे. चालतोय."

"ते दिसतंय की. म्हनून तर म्हनतो, बस. कुठं जायचंय?"

"कुठंच नाही."

इथेच बाळासाहेबाचं चुकलं. आळे गावात माणसाने सकाळी रस्त्याने चालायला कोणाची हरकत नाही, पण तो कुठेतरी निघालेला असावा. एसटी गाठायला चालावं, चुकलेली शेळी हुडकायला चालावं, कोणाच्या घरी वाईट झालं असेल तर चालावं. कुठेच जायचं नाही आणि तरी झपाझपा चालतोय, तेही पांढरे बूट घालून, म्हटल्यावर बघणाऱ्याच्या जिवाला घोर लागतो.

"दुधाचा वास येतो व्हय आमच्या गाडीला?" हौशीराम म्हणाला. शाळेत दोघं एका बाकावर बसत, त्यामुळे त्याला तो हक्क होता. "ऱ्हायलं! पुन्यात ऱ्हाऊन सायब झालास." आणि गाडीला जोरात किक मारून तो निघून गेला.

त्या सकाळी पुढे एक जीप थांबली, टोमॅटोचा टेम्पो थांबला आणि एका म्हाताऱ्याने तर बैलगाडी थांबवली. बाळासाहेबाने सगळ्यांना हात जोडून नाही म्हटलं. तो घरी पोचायच्या आत शेजारची कुशाबाई त्याच्या आईपाशी ओट्यावर येऊन बसली होती.

"सारजाबाई, बाळासाहेब कुनावर रुसलाय का गं? कुनाच्याच गाडीत बसंना झालाय."

आता तुम्हीच सांगा, या बिचाऱ्याने काय करावं? पुण्याच्या डॉक्टरने बजावलं होतं की, इतकी वर्षं खुर्चीत बसून शरीराची पार वाट लागली आहे, साखर उंबरठ्यावर आहे, तेव्हा रोज चाला. कंपनीनेही आरोग्य सप्ताह भरवून वजन उतरवल्याबद्दल त्याला एक घड्याळ बक्षीस दिलं होतं. त्याच्याबरोबर छातीला बांधायचा काळा पट्टा होता. हृदय फार धावायला लागलं की घड्याळ पीक-पीक करायचं. सोमवारी साहेबांनी टाळ्यांच्या गजरात घड्याळ दिलं आणि शुक्रवारी त्याच साहेबांनी नारळ दिला. दोन हजार आठची दिवाळी नुकतीच झाली होती, अमेरिकेत कुठल्याशा बँका बुडाल्या होत्या आणि त्यांचे शिंतोडे थेट हिंजवडीत बाळासाहेबाच्या टेबलावर उडाले होते.

मुळात या माणसाचं नशीबच तसलं. टीव्ही दुरुस्ती शिकला, तोवर लोक टीव्ही दुरुस्त करायचे सोडून नवे घ्यायला लागले. पेजरच्या कंपनीत लागला, तर मोबाईल आले. सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून एका कंपनीने त्याला घाईघाईने घेतलं. एक जानेवारीला काहीच बंद पडलं नाही, म्हणून काढून टाकलं. जग बुडालं नाही याचं दुःख झालेला आळ्यातला तो एकमेव माणूस असेल. त्यानंतर सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामात बरी आठ-नऊ वर्षं गेली होती, आणि आता हे.

नोकरी गेल्याचं फक्त बायकोला, अश्विनीला, माहीत होतं. ती पुण्यात शाळेवर शिक्षिका. "आईंना सांगून टाका," ती फोनवर रोज म्हणायची. पण सांगणार कसं? धाकट्या बहिणीचं, प्राचीचं, लग्न महाळुंगे पडवळच्या चिमाजीरावांच्या मुलाशी ठरत आलं होतं. येत्या रविवारी साखरपुडा. वडील नाहीत, भाऊ पुण्यात कंपनीत, एवढ्या शिदोरीवर ते जमलं होतं. भाऊच रिकामा बसलाय म्हणून कळलं आणि स्थळ मोडलं, तर पोरीला तोंड कसं दाखवायचं?

म्हणून गावी आल्यावर त्याने घरी सांगितलं, "कंपनीनं घरूनच काम करायला सांगितलंय." आणि तो सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा माडीवर लॅपटॉप उघडून बसायला लागला. दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. लॅपटॉप बंद पडायचा. तरी खालून आईच्या पावलांचा आवाज आला की बाळासाहेब बंद लॅपटॉपवर खडाखडा टाईप करायचा. आई चहा ठेवून पाऊल न वाजवता परत जायची आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांना दबक्या आवाजात दटावायची, "ए, गप ऱ्हावा! माझा बाळू अमेरिकेशी बोलतोय." वर बाळासाहेबाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सकाळचं ते चालणं तेवढं त्याचं खरं होतं.

तेही आता लोक धड करू देईनात. शेवटी त्याने रस्ता सोडला आणि कालव्याची वाट धरली. तिथे ना जीप, ना टेम्पो, ना कुशाबाई. एका बाजूला कांद्याची रानं, दुसऱ्या बाजूला संथ वाहणारं पाणी. बऱ्याच दिवसांनी त्याला बरं वाटलं. तेवढ्यात बुटात खडा गेला. कालव्याच्या कडेला बसून त्याने दोन्ही बूट काढले, शेजारी नीट ठेवले, उभा राहिला आणि मान खाली घालून घड्याळात ठोके किती पडतात ते बघायला लागला.

लांबून येणाऱ्या हौशीरामला जे दिसायचं ते दिसलं.

"बाळ्याऽऽ!"

गाडी आडवी, किटल्या आडव्या, दूध वाटेवर. हौशीरामने मागून येऊन त्याला अशी मिठी मारली की बाळासाहेबाचा श्वासच अडकला.

"सोड! अरे, सोड ना!"

"न्हाई सोडत! आईकडं बघ जरा! पोरीचं लगीन तोंडावर आलंय आन् तू..."

"अरे, खडा गेला होता बुटात!"

"मलाबी समजतं समदं!"

या झटापटीत सदऱ्याची बटणं तटातट तुटली आणि छातीवरचा काळा पट्टा उघडा पडला. भीतीने बाळासाहेबाचं हृदय धावायला लागलं आणि घड्याळ आपलं इमानेइतबारे बोंबलायला लागलं. पीक-पीक-पीक-पीक.

हौशीराम पांढराफटक पडला. "बाळ्या, ह्ये छातीला काय बसवलंय?"

"पट्टा आहे रे!"

"हार्टची बॅटरी हाय! आमच्या चुलत्याला बसवल्याली, मुंबईला. आरं देवा, उतरली वाटतं! बोलू नगंस. अजिबात बोलू नगंस!"

अशा रीतीने बाळासाहेब शेवटी हौशीरामच्या गाडीवर बसला. अनवाणी, उघड्या छातीने, रिकाम्या किटल्यांच्या मध्ये. आळेफाट्याच्या दवाखान्यापर्यंत गाडीचा हॉर्न आणि मनगटावरची पीक-पीक बंद झाली नाही. सकाळची वेळ, फाट्यावर नाशिकच्या एसट्या, नगरच्या एसट्या, चहाच्या गाड्या, निम्मा तालुका हजर. अब्रूचे एवढे धिंडवडे पाहायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि म्हणाले, "काही झालेलं नाही. उत्तम आहे सगळं. रोज चालत जा."

दारातली गर्दी एकमेकांकडे बघायला लागली. "ऐकलं का? डॉक्टरबी चालायलाच सांगत्यात. म्हंजी हार्टच."

दुपारी सारजाबाईच्या दारात जीप उभी राहिली. चिमाजीराव आणि त्यांचे दोन भाऊबंद. न कळवता आलेल्या पाहुण्यांनी पाण्याच्या तांब्यालाही हात लावला नाही. चिमाजीरावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली.

"बाई, आमचं काय म्हननं न्हाई. पोरगी सोन्यावानी हाय. पन हे आसलं रक्तात आसतंय. वडील लवकर गेलं, आता भावाला बॅटरी. उद्या पोरीला, तिच्या लेकरांला..."

"अहो, वडील अपघातात गेले," बाळासाहेब कळवळून म्हणाला. "आणि मला काहीसुद्धा झालेलं नाही. हा घ्या कार्डिओग्राम!"

चिमाजीरावांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. "कागदावर काय, नार्मलच लिवत्यात. आमच्या मेव्हन्याचंबी नार्मल व्हतं. दवाखान्याच्या पायरीवर गेला."

"मी तब्येतीसाठी चालतो हो!"

"तेच म्हनतोय आमी. तब्येत धड आसलेला मानूस कशाला चालंल?"

बाळासाहेबाने दाराकडे पाहिलं. प्राची चहाचा ट्रे घेऊन उभी होती. भावासाठी घाबरली होती की स्वतःसाठी, तिचं तिलाच कळत नसावं. मनगटावरचं घड्याळ पीक-पीक करायला लागलं आणि तिघेही पाहुणे बसल्या जागी मागे सरकले.

बाळासाहेबाने घड्याळ काढलं, पट्टा सोडला आणि दोन्ही चिमाजीरावांसमोर ठेवले. पीक-पीक थांबली. तो मात्र जिवंत होता.

"माझी नोकरी गेलीय," तो म्हणाला. "दिवाळीपासून मी घरीच आहे. माडीवर काम-बिम काही नाही. सकाळी उठलं की जायला ठिकाण नसतं, जीव गुदमरतो, म्हणून चालतो. तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा, पण पोरीच्या तब्येतीला नाव ठेवू नका."

ओट्यावरून कुशाबाईने दारात डोकं घातलं. चिमाजीराव पुढे वाकले.

"म्हंजी, हार्ट न्हाई?"

"नाही."

"नुस्ती नोकरी?"

"नुसती नोकरी."

"आरं तिच्या मारी!" चिमाजीरावांनी मांडीवर थाप मारली. "मंग आदीच सांगायचं ना, राव! आमी जीपचं डिझेल जाळून आलो. नोकरीचं काय, आमच्या घरात तिघांची गेलीया. ए पोरी, आन गं तो च्या!"

भाऊबंद हसायला लागले. एकाने बाळासाहेबाच्या पाठीवर थाप मारली, दुसऱ्याने पट्टा उचलून स्वतःच्या छातीला लावून पाहिला. रविवारचा साखरपुडा पक्का झाला. ज्या गोष्टीसाठी बाळासाहेबाने एवढे दिवस रोज मरण सोसलं, ती या माणसांनी चहाबरोबर गिळून टाकली, आणि त्याला रडावं की हसावं कळेना.

जीप गेल्यावर आई ताट घेऊन तांदूळ निवडत बसली.

"बंद मशीनीपुढं बसायचास व्हय रे?" ती म्हणाली. "आन् मी पोरांना वरडायचे. बिचारी खेळायची थांबली माझ्या दारात." तिने पदराने डोळे पुसले. "मला सांगितलं आसतंस तर मी काय तुला घरात घेतलं नसतं?"

बाळासाहेबाने मान खाली घातली. तिच्या ताटातले खडे तो वेचू लागला. निदान हे बुटातले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो उजळ माथ्याने मोठ्या रस्त्याने निघाला. आता लपवायचं काही नव्हतं. एक जीप गेली, थांबली नाही. टोमॅटोचा टेम्पो नुसता हॉर्न वाजवून गेला. बाळासाहेबाला हलकं वाटलं. मग मागून हौशीरामची मोटारसायकल आली आणि पायाशी थांबली.

"नको रे हौशा, मी चालतोय," बाळासाहेब हसून म्हणाला.

"म्हाईत हाय. म्हनून तर थांबलो." हौशीरामने एक किटली सोडवून त्याच्या हातात दिली. "रिकामाच चाललायस, तर एवढी डेअरीत टाक. कालचं दूध सांडलं ते तुझ्याचपायी. मी जरा रानात जाऊन येतो."

तो गेला. पुढच्या वळणावर कुशाबाई दळणाचा डबा घेऊनच उभी होती. तिच्या जावेची नारायणगावच्या एसटीत द्यायची पिशवी होती. बैलगाडीवाल्या म्हाताऱ्याने चाबूक विणायला द्यायला सांगितला. गावातल्या समाधी मंदिरापाशी पोचेपर्यंत बाळासाहेबाच्या दोन्ही हातांत, काखेत आणि खांद्यावर जागा उरली नाही. हृदय धावायला लागलं, घड्याळ बोंबलायला लागलं आणि ते बंद करायला हात मोकळा नव्हता.

चहाच्या टपरीवरून कोणीतरी विचारलं, "कोन रं त्यो, वाजत चाललाय?"

"आपला बाळासाहेब," टपरीवाला कप विसळत म्हणाला. "लागला बिचारा कामाला."